इंजेक्शननंतर टेस्टोस्टेरॉन वाढलेले दिसले, म्हणजे औषध लागू पडले नाही का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला ती दाखवता येईल. तुमच्या ७२ वर्षांच्या वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग असून तो हाडांपर्यंत पोहोचला आहे. डॉक्टरांनी प्रथम बायकॅल्युटामाइडची ५० मिलिग्रॅमची गोळी रोज सुरू केली आणि दोन आठवड्यांनी ल्युप्रोलाइडचे तीन महिन्यांचे इंजेक्शन दिले. इंजेक्शननंतर पाचव्या दिवशी तुम्ही स्वतःहून त्यांच्या टेस्टोस्टेरॉनची तपासणी करवून घेतली आणि आकडा उपचारापूर्वीच्या आकड्याहून जास्त निघाला. औषध निकामी ठरले का, एकाच कामासाठी गोळी आणि इंजेक्शन दोन्ही का, आणि तुम्ही स्वतः केस गळतीसाठी घेत असलेली १ मिलिग्रॅम फिनास्टराइडची गोळी जर पुरुषी संप्रेरकच रोखत असेल तर वडिलांना तीच सौम्य गोळी का देत नाहीत, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी, वडिलांना सांगितलेले दुष्परिणाम आपल्यालाही होतील का, ही भीतीही आहे.

पहिल्या शंकेचे उत्तर लगेच देतो: औषध निकामी ठरलेले नाही. या दोन औषधांच्या जोडीने पाचव्या दिवशी टेस्टोस्टेरॉन वाढलेलेच दिसते. त्या दिवशी ते कमी आले असते तर मला उलट आश्चर्य वाटले असते. खरी अडचण अशी आहे की, रक्तातला टेस्टोस्टेरॉनचा आकडा हाच औषधाच्या यशाचा मापदंड आहे असे तुम्ही गृहीत धरले आहे. पुरुषी संप्रेरकांवर काम करणारी औषधे एका लांब साखळीच्या वेगवेगळ्या कड्यांवर घाव घालतात. कोणती कडी तुटली यावर तो आकडा खाली येईल, वर जाईल की जवळपास होता तिथेच राहील हे ठरते, आणि या तिन्ही परिस्थितींत औषध आपले काम चोख करत असू शकते.

वडिलांचे स्कॅन, मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या किंवा इतर औषधांची यादी मी पाहिलेली नाही. औषधे कशी काम करतात हे मी खात्रीने सांगू शकतो. त्यांच्या बाबतीत पुढे काय करावे हे मात्र कण्यातील गाठींची जागा, हृदयाची स्थिती, वेदना आणि त्यांची स्वतःची इच्छा यांवर अवलंबून राहील. तो निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

साखळीची सुरुवात मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये होते. तेथून साधारण दर तास-दोन तासांनी जीएनआरएच नावाच्या संप्रेरकाचा एक छोटा स्पंद पिट्युटरी ग्रंथीकडे जातो. पिट्युटरी त्याला प्रतिसाद म्हणून एलएच हे संप्रेरक सोडते, एलएच वृषणातील लायडिग पेशींना जागे करते आणि त्या पेशी दिवसाला सुमारे ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करतात. मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीही दुबळ्या अँड्रोजेनांची (पुरुषी संप्रेरकांची) थोडी भर घालतात. हा वाटा आज किरकोळ वाटला तरी पुढे त्याचे महत्त्व कळेल. रक्तातील बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेले असते आणि सुमारे २ टक्केच मोकळे फिरते. प्रोस्टेट, केसांची मुळे अशा काही ठिकाणी ५-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम त्याचे डीएचटी या अधिक जोरदार पुरुषी संप्रेरकात रूपांतर करते, तर अ‍ॅरोमॅटेज हे दुसरे एन्झाइम त्याच्या थोड्या भागापासून इस्ट्रोजेन बनवते. पुरुषांची हाडे मजबूत राहण्यात या इस्ट्रोजेनचा हात मोठा असतो. अखेरीस टेस्टोस्टेरॉन किंवा डीएचटी पेशीतील अँड्रोजेन रिसेप्टरला (संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटते, ती जोडी पेशीकेंद्रात जाते आणि ठराविक जनुके चालू होतात. प्रोस्टेटच्या पेशींना वाढीचा आदेश मिळतो तो या शेवटच्या पायरीवर.

ही साखळी उलट दिशेनेही बोलते. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी हात आखडता घेतात. शरीर कमावण्यासाठी बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचून घेणाऱ्या तरुणांची वृषणे आक्रसतात आणि शुक्राणूंची संख्या शून्यापर्यंतही जाऊ शकते, ती याच कारणाने: रक्तात संप्रेरक भरपूर असते, पण एलएच आणि एफएसएच (शुक्राणू घडवण्यास मदत करणारे पिट्युटरीचे दुसरे संप्रेरक) थांबल्यामुळे वृषणाच्या आत लागणारी कितीतरी जास्त पातळी राहत नाही. तुमच्या वडिलांच्या अहवालाचे कोडेही या उलट निरोपातूनच सुटते.

टेस्टोस्टेरॉन काढून घेतले की प्रोस्टेटचा कर्करोग आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवले. वृषणे शस्त्रक्रियेने काढणे किंवा इस्ट्रोजेन देणे हे त्या काळचे मार्ग होते. हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या व हृदयविकार वाढतात हे पुढे लक्षात आले आणि सुरक्षित मार्गाचा शोध सुरू झाला. जीएनआरएचची रचना १९७१ मध्ये उलगडल्यावर (अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमाँ यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले ते मेंदूतील अशा संप्रेरकांवरील कामासाठी) त्याच्यासारखेच, पण अधिक जोरदार आणि जास्त काळ टिकणारे रेणू तयार करता आले. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन आणि ट्रिप्टोरेलिन ही त्याच घरातली औषधे.

आता विसंगती अशी की, ल्युप्रोलाइड जीएनआरएचला अडवत नाही. ते त्याची नक्कल करते. मग टेस्टोस्टेरॉन कमी कसे होते? पिट्युटरीला निरोप स्पंदांच्या रूपात हवा असतो, अखंड नको असतो. दारावरची घंटा कोणी न थांबता वाजवत राहिले तर घरातला माणूस पहिल्यांदा धावत येतो आणि नंतर दार उघडणेच बंद करतो, तसे येथे घडते. सुरुवातीचा आठवडाभर पिट्युटरी एलएचचा लोंढा सोडते आणि टेस्टोस्टेरॉन चढते. त्यानंतर पिट्युटरीवरील रिसेप्टर कमी होतात, एलएच आटते आणि तीन ते चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन वृषणे काढल्यावर असते तितक्या पातळीवर उतरते. तुमची तपासणी नेमकी त्या चढावर झाली.

हाडांत गाठी असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा चढ धोक्याचा असू शकतो. काही दिवसांपुरते जरी गाठींना खाद्य मिळाले तरी हाडदुखी वाढणे, लघवी अडणे, किंवा कण्यातील गाठ फुगून मज्जारज्जूवर दाब येणे असे प्रकार घडू शकतात. म्हणूनच गोळी आधी सुरू केली. बायकॅल्युटामाइड टेस्टोस्टेरॉनची निर्मिती थांबवत नाही. ते रिसेप्टरवर जाऊन बसते, जेणेकरून रक्तात टेस्टोस्टेरॉन कितीही असले तरी कर्करोगाच्या पेशीला त्याचा आदेश ऐकू जात नाही. शरीरातून निम्मे औषध जायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे रोजच्या गोळीने पातळी हळूहळू साचत जाते. इंजेक्शनच्या आधी एक-दोन आठवडे गोळी देण्याची पद्धत यातून आली.

याच गोळीमुळे वडिलांचा आकडा आणखी थोडा वाढलेला असणार. बायकॅल्युटामाइड हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीतील रिसेप्टरही अडवते, त्यामुळे तेथे टेस्टोस्टेरॉन पुरेसे असल्याचा निरोप पोहोचत नाही. मेंदूला कमतरता भासते, एलएच वाढते आणि वृषणे अधिक टेस्टोस्टेरॉन तयार करतात. ज्यांना इंजेक्शनशिवाय केवळ हीच गोळी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत दिली जाते त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन महिनोन्महिने वाढलेले राहते. त्यातील काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलत असल्याने स्तन दुखणे आणि वाढणे हे त्यांच्यात अगदी नेहमीचे असते. कामेच्छा आणि हाडे मात्र इंजेक्शनच्या तुलनेत बरी टिकतात.

थोडक्यात आतापर्यंतचा हिशेब असा: इंजेक्शन साखळीच्या वरच्या टोकाला काम करते आणि पहिला चढ ओसरला की आकडा खाली आणते, गोळी शेवटच्या टोकाला काम करते आणि आकडा चढलेला असतानाही गाठींचे रक्षण करते. चढाचे दिवस सरल्यावर गोळी थांबवायची की पुढे चालू ठेवायची याबाबत डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. दोन्ही दीर्घकाळ एकत्र दिल्याचा जास्तीचा फायदा लहान आहे, आणि मी स्वतः ही जुनी गोळी चढाच्या काळापुरतीच पसंत करतो. तरीही ती मनाने बंद करू नका. या काळात नवी किंवा वाढती पाठदुखी, पायांत अशक्तपणा वा बधिरपणा, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही झाले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात जायचे आहे. मज्जारज्जूवरचा दाब वेळेत कमी केला नाही तर पाय कायमचे जातात.

पुढची टेस्टोस्टेरॉन तपासणी इंजेक्शननंतर चार ते सहा आठवड्यांनी करा, सोबत पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींपासून रक्तात येणारे प्रथिन, ज्यावरून रोगाचा अंदाज घेतात) मोजून घ्या. त्या वेळी टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असायला हवे. निरोगी प्रौढ पुरुषात ते साधारण ३०० ते १००० असते. आम्हा डॉक्टरांपैकी बरेच जण आता २० च्या खाली आलेले पाहणे पसंत करतात. इतक्या खालच्या पातळीवर नेहमीच्या पद्धतीची तपासणी फारशी अचूक नसते, तेव्हा आकडा सीमेवर आला तर मास स्पेक्ट्रोमेट्री या अधिक अचूक पद्धतीने पुन्हा मोजून घेणे योग्य ठरते. इंजेक्शनची तारीख चुकवू नका. उशीर झाला तर पिट्युटरी पुन्हा जागी होते.

चढ मुळातच न येणारी औषधेही आहेत. डेगारेलिक्स हे इंजेक्शन जीएनआरएचच्या रिसेप्टरला सरळ अडवते आणि बहुतेकांत तीन दिवसांत टेस्टोस्टेरॉन तळाला नेते. मज्जारज्जूला आधीच धोका असेल तर मी त्याचा विचार प्रथम करतो. ते दर महिन्याला घ्यावे लागते आणि टोचल्या जागी दुखते, सुजते. रेलुगोलिक्स हे त्याच पद्धतीचे, तोंडाने घ्यायचे औषध २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झाले. गोळी रोज न चुकता घेणाऱ्यालाच ते शोभते. तुमच्या वडिलांचे इंजेक्शन आता दिले गेले आहे आणि गोळीचे संरक्षण होते, त्यामुळे यासाठी हळहळण्याचे कारण नाही.

डॉक्टरांना आवर्जून विचारा असा प्रश्न मात्र वेगळा आहे: या उपचाराला आणखी एका औषधाची जोड सुरुवातीपासूनच द्यायची का? वर अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा उल्लेख केला तो यासाठी. वृषणे थंडावली तरी अ‍ॅड्रिनलची दुबळी अँड्रोजेने शिल्लक राहतात, आणि कर्करोगाच्या पेशी त्यांपासून स्वतःपुरते जोरदार अँड्रोजेन बनवायला शिकतात. काही पेशी रिसेप्टरची संख्या वाढवतात. काहींमध्ये रिसेप्टर असा बदलतो की जुने रोखणारे औषधच त्याला चालना देऊ लागते. बायकॅल्युटामाइड किंवा त्याच प्रकारचे फ्लुटामाइड बंद केल्यावर काही रुग्णांचा पीएसए चक्क उतरतो तो यामुळे. टेस्टोस्टेरॉन तळाला असूनही पीएसए चढू लागण्यामागे अशी कारणे असतात.

अ‍ॅबिराटेरोन हे औषध सीवायपी-१७ या एन्झाइमला अडवून वृषण, अ‍ॅड्रिनल आणि गाठ अशा तिन्ही ठिकाणची निर्मिती तोडते. त्याच एन्झाइमवर कॉर्टिसॉलही अवलंबून असल्याने कॉर्टिसॉल घटते, पिट्युटरी अ‍ॅड्रिनलला अधिक जोराने हाकते, आणि मीठ-पाणी धरून ठेवणारी संप्रेरके साचतात. परिणामी रक्तदाब वाढतो, पायांवर सूज येते, पोटॅशियम घटते. हे टाळण्यासाठी त्याबरोबर प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅमच्या मात्रेत दिले जाते, आणि ‘स्टेरॉइड नको’ म्हणून घरच्यांनी ते परस्पर बंद केले की त्रास सुरू होतो. नेहमीच्या १००० मिलिग्रॅमच्या मात्रेत हे औषध उपाशीपोटीच घ्यायचे, कारण स्निग्ध जेवणाबरोबर त्याचे शोषण कित्येक पटींनी वाढते. एन्झाल्युटामाइड, अपाल्युटामाइड आणि डॅरोल्युटामाइड ही बायकॅल्युटामाइडच्या पुढच्या पिढीची रिसेप्टर रोखणारी औषधे आहेत. एन्झाल्युटामाइडने थकवा येतो, क्वचित फिट येते, आणि यकृतातील, औषधे मोडणारी एन्झाइमे वाढल्याने रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांसह इतर अनेक औषधांची पातळी घटते. डॅरोल्युटामाइड मेंदूत कमी शिरते. शरीरात पसरलेल्या रोगात अ‍ॅबिराटेरोनची जोड सुरुवातीलाच दिल्याने आयुष्य वाढते हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले, आणि आज केवळ इंजेक्शनवर थांबण्यासाठी काही कारण असावे लागते. ते कारण वडिलांच्या बाबतीत असेलही. पण ते समजून घ्या.

आता तुमच्या गोळीकडे वळतो. फिनास्टराइड ना वृषणाला थांबवते, ना रिसेप्टरवर बसते. ते ५-अल्फा रिडक्टेजच्या दुसऱ्या प्रकाराला अडवते, म्हणजे टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनण्याची एक वाट बंद करते. रक्तातील डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी घटते आणि टेस्टोस्टेरॉन किंचित वाढते. या औषधामागची कल्पना निसर्गाने आधी दाखवली होती: हे एन्झाइम जन्मतः काम करत नसलेल्या डॉमिनिकन रिपब्लिकमधील काही कुटुंबांचे वर्णन १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्या पुरुषांची प्रोस्टेट लहान राहते व त्यांना टक्कल पडत नाही असे आढळले. प्रोस्टेटच्या साध्या वाढीसाठी ५ मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत १९९२ मध्ये आणि केसांसाठी १ मिलिग्रॅमची १९९७ मध्ये मान्य झाली.

वडिलांना ती का चालणार नाही, हे यातून स्पष्ट व्हावे. पसरलेल्या कर्करोगाच्या पेशीला डीएचटी मिळाले नाही तरी टेस्टोस्टेरॉन स्वतः रिसेप्टर चालू करते, आणि फिनास्टराइडने ते घटतच नाही. सौम्यपणा हाच येथे तिचा दोष ठरतो.

दुष्परिणामांचे गणितही यानुसारच बदलते. वडिलांमध्ये टेस्टोस्टेरॉन आणि त्यामागोमाग इस्ट्रोजेनही तळाला जाणार. अंगातून अचानक गरम वाफा निघणे, कामेच्छा जाणे, स्नायू घटून चरबी वाढणे, साखर वाढणे, हिमोग्लोबिन थोडे उतरणे, हाडे ठिसूळ होणे आणि मन उदास होणे हे सारे त्यातून येते. त्यांच्यासाठी हाडांची घनता मोजणे, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व पुरेसे ठेवणे, आणि कण्यातील गाठींची जागा पाहून ठरवून दिलेला स्नायूंचा व्यायाम यांना मी औषधाइतकेच महत्त्व देतो. थकवा पाहून नातेवाईक ‘ताकदीची’ म्हणून विकली जाणारी पूरके सुरू करतात. त्यांत काय असते याची शाश्वती नसते आणि त्यात टेस्टोस्टेरॉन किंवा त्याची भावंडे निघाली तर सारा उपचार उलटा फिरतो.

तुमच्यात टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन जागेवर असल्याने हाडे, स्नायू आणि गरम वाफा यांची चिंता नको. थोड्या पुरुषांत मात्र कामेच्छा घटणे, ताठरता किंवा वीर्य कमी होणे दिसते. गोळी थांबवल्यावर बहुतेकांचे ते भरून येते, पण काहींनी तक्रारी पुढेही राहिल्याचे नोंदवले आहे. उदासी आणि आत्महत्येचे विचार यांचाही औषधाच्या सूचनांमध्ये उल्लेख आहे. तसे काही जाणवले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा, ‘केसांचीच तर गोळी’ म्हणून दुर्लक्ष करू नका. गोळी घेत असताना आणि थांबवल्यावर महिनाभर रक्तदान करू नये, कारण ते रक्त गर्भवतीला दिले गेल्यास मुलग्याच्या जननेंद्रियांच्या घडणीवर परिणाम होऊ शकतो. याच कारणाने गर्भवतीने फुटलेली किंवा कुटलेली गोळी हाताळू नये.

तुम्ही विचारलेले नाही, तरी एक गोष्ट तुमच्यासाठी सांगायला हवी. वडिलांना हा आजार असल्याने तुमची स्वतःची जोखीम सरासरीपेक्षा जास्त आहे, आणि त्यांचा रोग पसरलेला असल्याने कर्करोगाची आनुवंशिक जोखीम वाढवणाऱ्या बीआरसीए-२ सारख्या जनुकांतील दोषांची तपासणी त्यांच्यासाठी करावी का हेही विचारण्यासारखे आहे. तो दोष आढळला तर कुटुंबातल्या स्त्रियांनाही त्याची माहिती उपयोगी पडते. तुमची पीएसए तपासणी पंचेचाळिशीच्या आसपास, जनुकीय दोष निघाल्यास त्याहून आधी, सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. फिनास्टराइड सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए जवळपास निम्मा होतो, केसांसाठीच्या १ मिलिग्रॅमच्या मात्रेतही. म्हणून तपासणीच्या अर्जावर या गोळीचा उल्लेख करा. अहवालात २ आला तर तो ४ समजून वाचायचा असतो, आणि गोळी चालू असताना तळाला गेलेला आकडा पुन्हा चढू लागला तर तो ‘नॉर्मल’ मर्यादेत असला तरी त्याची चौकशी करायची असते.